दुरून मांडलेले दप्तर



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात मराठी शिकवीत आणि शाळा सुटल्यावर कार्यालयात बसून हजेरीपट व जमाखर्चाच्या वह्या स्वतः तपाशीत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून त्यांच्या नावाने बोलताना एखाद्या कवीवर किंवा ग्रंथावर न बोलता दप्तरावर बोलावे, असे मी ठरविले. विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्या समाजाने आपली एवढी मोठी गद्यसंपदा हिशेबांच्या आणि पत्रांच्या रुमालांत बांधून ठेविली, त्या समाजातील मराठीच्या प्राध्यापकाला हा विषय परका म्हणता येत नाही.

प्रथम शब्दच पाहू. दप्तर हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्याचे मूळ ग्रीक भाषेत सापडते आणि तेथे त्या मूळ शब्दाचा अर्थ होतो कातडे, म्हणजे ज्यावर लिहीत ते. हिंदीत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दप्तर म्हणजे कागदपत्रे, आणि त्याहून घरगुती अर्थाने शाळकरी मुलाच्या पाठीवरची पिशवी. इंदुरात वाढलेल्या मुलाच्या कानांवर हे दोन्ही अर्थ एकाच सकाळी पडतात. आई विचारते, ‘दप्तर भरलंस का?’ आणि शेजारचा सवंगडी सांगतो, ‘पापा दफ्तर गए.’ हिंदीत माणूस दफ्तरात जातो, मराठीत माणूस दप्तर बरोबर नेतो. हा भेद मला गमतीचा वाटत नाही, अर्थपूर्ण वाटतो. मराठ्यांच्या राज्यात दप्तर जागेला कधी खिळलेले नव्हते. ते छावणीबरोबर बैलांच्या पाठीवरून चालत असे, आणि म्हणूनच ते कोणीतरी दूर बसून मांडावे आणि दुसऱ्या कोणीतरी प्रत्यक्ष चालवावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

आज ही जुनी गोष्ट काढण्याचे कारण अगदी ताजे आहे. एखादा छोटा व्यापारी आपल्या पेढीसाठी चारपाच नवे संगणक घेतो. ते चालू करून, एकमेकांना जोडून, हिशेबाला लावून देणारा माणूस मात्र सहाशे किलोमीटरवर आपल्या घरी बसलेला असतो. श्रोत्यांपैकी अनेकांच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत हे घडले असेल. काम झाले की आपण म्हणतो, काय सोय झाली! सोय झाली हे खरेच. परंतु दुरून दप्तर मांडताना दोन गोष्टी ठरत असतात, आपण ठरवोत वा न ठरवोत. दप्तराची किल्ली कोणाच्या हाती, ही एक. आणि दप्तराची भाषा कोणती, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचा आपल्या पूर्वजांनी फार खोलवर विचार केला होता. दुसरा त्यांना बहुधा विचारावाच लागला नाही. आपल्याला विचारावा लागतो, आणि नेमका तोच आपण विचारीत नाही.

पेशवाईतील मामलतीची कचेरी घ्या. मामलेदार हा त्या मुलखाचा कारभारी. परंतु त्याच्या कचेरीतील दरकदार त्याने नेमलेले नसत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस ही माणसे हुजुरातून नेमली जात. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. पत्रावर दिवाणाची प्रतिसही लागे. फडणीस कीर्द ठेवी. त्या कीर्दीवरून दफ्तरदार खतावणी करी आणि दरमहा तिचा हिशेब सरकारात पाठवी. पोतनीस जमेची आणि शिलकेची नोंद राखी, चिटणीस पत्रे लिही. मामलेदाराने काही गैर केले तर ते वर कळविणे हाही दरकदारांच्या कर्तव्याचा भाग. म्हणजे कचेरी तिकडे खानदेशात किंवा माळव्यात, आणि तिची मांडणी शनिवारवाड्यातून झालेली. पुण्याच्या हुजूर दप्तरात चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर अशा दोन शाखा होत्या. रोजचे कामकाज पहिलीत चाले, साऱ्या खात्यांची एकवट बेरीज दुसरीत होई. दूरच्या माणसाला विश्वास टाकायचा असेल तर कामाच्या वाटण्या अशा करायच्या, की एकाच हाती सगळ्या किल्ल्या राहू नयेत, हे त्या मांडणीचे सूत्र.

हे सूत्र नेहमी यशस्वी झाले असे नाही. आपल्या होळकरशाहीतच त्याचा दाखला आहे. गंगाधर यशवंत चंद्रचूड हे मल्हाररावांचे दिवाण. १७६६ साली मल्हारराव वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे नातू मालेराव गेले. त्या वेळी याच दिवाणांनी राघोबादादांना होळकरांच्या दौलतीवर चालून येण्यास प्रवृत्त केले. ज्याला दप्तरातील प्रत्येक रुमाल ठाऊक, त्यानेच बाहेरच्याला आत बोलावले. अहिल्याबाईंनी तो प्रसंग कसा निभावला हे आपणा इंदूरकरांना मी सांगायला नको. थोरल्या माधवरावांनीही त्यांच्याच बाजूने कौल दिला. माझ्या विषयापुरते एवढेच सांगतो, की दप्तराला खरा धोका भिंतीवरून चढणाऱ्यापासून थोडा असतो. ज्याच्या हाती कारभार म्हणून किल्ली दिलेली असते, त्याने ती कोणासाठी फिरवली यावर सारे अवलंबून असते.

अहिल्याबाईंच्या कारभाराची दुसरी एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. खासगी आणि दौलत ही दोन खाती त्यांनी कधी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. खासगीची जहागीर १७३४ साली गौतमाबाईंच्या नावे झालेली. तिचे उत्पन्न वेगळे, वह्या वेगळ्या. काशीच्या विश्वेश्वराचे देऊळ १७८० साली उभे राहिले, गयेचे विष्णुपद त्यानंतर. हे सारे बांधकाम महेश्वराच्या वाड्यातून चाललेले. मध्ये शेकडो कोस, हाताशी कारकून आणि जासूदजोड्या. महेश्वर दरबारची बातमीपत्रे पारसनिसांनी छापली आहेत. पुण्याचा वकील महेश्वरात बसून तेथील हालहवाल कसा कळवी, ते त्यांवरून दिसते. एकीकडून प्रश्न निघे, त्याचे उत्तर परत येईपर्यंत पंधरवडे उलटत. असे असूनही काम होई, कारण दोन्ही टोकांना बसलेली माणसे एकच लिपी आणि एकच हिशेबपद्धत वापरीत होती. मोडी अक्षर, कीर्द, खतावणी आणि तारखेसाठी अरबी शुहूर सन. आज ती तारीख वाचायला जंत्री घेऊन बसावे लागते, हे मोडी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या काळच्या कारकुनाला मात्र ती पुण्यात आणि महेश्वरात एकसारखीच कळे.

दुरून मांडणी करण्याची हौस आपल्या राजघराण्याने पुढेही सोडली नाही. ज्या लालबागेच्या परिसरात आपण आज जमलो आहोत तो राजवाडा दुसऱ्या तुकोजीरावांनी १८८६ मध्ये सुरू केला आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या वेळी १९२१ मध्ये तो पुरा झाला. त्याची लोखंडी फाटके बकिंगहॅम राजवाड्याच्या नमुन्यावर इंग्लंडात ओतवून आणलेली. पण फाटक म्हणजे शेवटी शोभेची वस्तू. खरी कथा माणिकबागेची. यशवंतराव होळकरांनी १९३० ते १९३३ या काळात एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून तो महाल बांधविला. दारेखिडक्या, दिवे, खुर्च्या बहुतेक युरोपात तयार होऊन बोटीने आल्या. महाराजांच्या अभ्यासिकेतील लेखनमेज पॅरिसच्या रूलमानच्या हातचे. म्हणजे तत्कालीन जगातील एक अत्यंत अद्ययावत कार्यालय बर्लिन आणि पॅरिसमध्ये आखले गेले आणि इंदुरात मांडले गेले. ते फर्निचर १९८० साली मोनॅकोतील लिलावात विकले गेले. महालात पुढे केंद्र सरकारच्या अबकारी खात्याची कचेरी आली, आणि आज इंदूरच्या व्यापाऱ्याचा वस्तू व सेवा कराचा कागद त्याच वास्तूशी बांधलेला आहे. दैवाचा विनोद म्हणतात तो असा!

परंतु मेज कोठून आले याने दप्तराची भाषा बदलत नाही. रूलमानच्या मेजावर मोडीही लिहिता आली असती.

भाषेकडे आता वळतो. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सुमारे १४०० फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. दप्तर मांडणाऱ्याने भाषा आधी ठरवावी, याचे हे आपल्या इतिहासातील सर्वांत मोठे उदाहरण. यातील किती पर्याय रुळले हा वेगळा प्रश्न. फडणीस फडणीसच राहिले आणि दप्तरही दप्तरच. पण ठरविले गेले, हे महत्त्वाचे.

इंदुरात ते हळूहळू घडले. मंदसोरच्या तहानंतर १८१८ साली राजधानी इंदुरास आली तेव्हा दरबाराचे दप्तर मराठी, मोडी होते. गावाची भाषा माळवी आणि हिंदी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पारडे फिरले. तारखा पाहिल्या तर योगायोग मोठा बोलका आहे. मराठी साहित्य संमेलन इंदुरास १९१७ साली भरले, ग. ज. आगाशे अध्यक्ष. लगेच पुढल्या वर्षी, १९१८ मध्ये, येथेच हिंदी साहित्य संमेलन भरले, आणि त्याचे अध्यक्ष महात्मा गांधी. १९३५ साली तर दोन्ही संमेलने याच गावात झाली. हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, मराठीचे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. दक्षिणेत हिंदी प्रचार करण्याच्या कार्याचा संकल्प १९१८ च्या त्या इंदूर संमेलनात झाला. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात गेले, १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला, आणि सरकारी कागदाचा प्रश्न मिटला. यात कोणाचा दोष काढावा असे मला वाटत नाही. राज्य ज्या लोकांचे, त्यांच्या भाषेत ते चालावे. घरे, देवळे, शाळा आणि छोट्या पेढ्या एवढ्या ठिकाणी मराठी उरली. माझ्या पिढीने आजोबांच्या चोपड्या पाहिल्या आहेत. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर ‘श्री’, आणि आत न उचललेल्या लेखणीची मोडी. म्हणजे दरबारातून गेलेली भाषा दुकानाच्या गादीवर आणखी एक पिढी टिकली होती. गादीवरून तिला उठविले ते राज्यकर्त्यांनी नव्हे. टंकलेखन यंत्राने सुरुवात केली आणि संगणकाने शेवट.

वास्तविक संगणकाला देवनागरी शिकविण्याचे काम आपल्याच माणसांनी फार लवकर केले. कानपूरच्या आयआयटीत तयार झालेला देवनागरी संगणक १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात लोकांनी पाहिला. तेथूनच ‘जिस्ट’ हे तंत्र निघाले. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिकडे वाढले. मोहन तांबे यांचे नाव या कामाशी निगडित आहे. यंत्राच्या पोटात एक छापील पट्टी बसवायची, की साध्या संगणकावर देवनागरी उमटू लागे. भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरला, १९९१ साली इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून मान्य झाली, आणि युनिकोडने आपल्या लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आधारे केली. हे सारे झाले, तरी बाजारात जो तो आपापला फाँट घेऊन बसला. पुण्याच्या छापखान्यात एक, इंदूरच्या कचेरीत कृतिदेव. एकाने लिहिलेले दुसऱ्याकडे उघडले की पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन घोळ. अडीचशे वर्षांपूर्वी पुणे आणि महेश्वर यांना एकमेकांची लिपी वाचता येत होती. विसावे शतक संपताना पुणे आणि इंदूर यांना ती येईना. युनिकोडने हा गोंधळ पुष्कळसा निस्तरला, पण तेथेही मराठीची म्हणून जी अक्षरे, ती मागाहून आली. ‘ॲप’ या शब्दातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. ल आणि श यांची मराठी वळणे आजही कित्येक यंत्रांवर हिंदी वळणांनी उमटतात. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत मराठीची सोय पुढे झाली. सोय असणे आणि ती कोणी लावून देणे यांत मात्र अंतर आहे.

हे अंतर प्रत्यक्ष कसे दिसते, ते मी पाहिले आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लालबागेच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर मसाले, पापड, कुरडया यांचा छोटा कारखाना आहे. त्याच्या आईने ती पेढी स्वयंपाकघरातून सुरू केली. विंडोज ७ या प्रणालीला तिच्या निर्मात्यांनी १४ जानेवारी २०२० पासून आधार देणे बंद केले. जुनी यंत्रे बदलणे भाग होते, आणि मार्चअखेर टाळेबंदी लागली. त्या साथीत इंदूर किती होरपळले ते आपण विसरलेलो नाही. जूनमध्ये पाच नवे संगणक खोक्यांतून येऊन पडले, पण ते मांडून देणारे कोणी येईना. तेव्हा पुण्याची भाची, तिकडे संगणकाच्या धंद्यातच असलेली, म्हणाली, ‘मामा, मी इथून करते.’

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणून त्यावर आपली बोटे चालवायची, हे तंत्र तेव्हा जुने झाले होते. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये ते विंडोज एनटीच्या एका आवृत्तीत आणले. टीमव्ह्यूअर २००५ साली आणि एनीडेस्क २०१४ साली निघाले, दोन्ही जर्मनीतून. मुथेसियसचे सामान महिनेच्या महिने बोटीने यायचे. आता जर्मनीतील प्रणालीने पुण्याचा हात इंदुरात पोहोचायला एक नऊ आकडी अंक पुरतो. परंतु एक मर्यादा अजून शिल्लक आहे. यंत्र वीजेला जोडणे, राउटरची तार खोचणे, प्रिंटर उचलून जागेवर ठेवणे, हे इथल्याच माणसाला करावे लागते. आणि नवे यंत्र प्रथम उघडल्यावर ते जे प्रश्न विचारते, त्यांची उत्तरेही इथल्यानेच द्यायची असतात, कारण तोवर ते बाहेरच्या जगाशी जोडलेलेच नसते. त्यात सर्वांत पहिला प्रश्न भाषेचा. मग देश. मग कळफलक. मग यंत्र विचारते, दुसरा एखादा कळफलक जोडायचा आहे काय? तेथे ‘जोडा’ आणि ‘वगळा’ अशी दोन बटणे असतात.

ती उत्तरे पापड पॅक करणाऱ्या एका मुलाने दिली. गुणी मुलगा. त्याला सांगितले होते, की पुढे पुढे जात राहा. तो पुढे पुढे जात राहिला. भाषा अमेरिकन इंग्रजी, देश जो आधीच निवडलेला होता तो, कळफलक एकच, दुसरा वगळा. पाच यंत्रांवर पाच वेळा. पेढीच्या नव्या दप्तराची भाषा अशी पाच मिनिटांत ठरली, आणि आपण काही ठरविले याचा कोणाला पत्ता नव्हता.

मी दारापाशी खुर्ची टाकून, तोंडाला फडके बांधून हे पाहत होतो. भाचीने फोनवर अंक विचारला, मामाने तो वाचला, आणि पडद्यावरचा बाण हलू लागला. ‘अगं, हा तर आपोआप चालून राहिला आहे!’ असे तो आपल्या इंदुरी मराठीत उद्गारला. भाची हसली, ‘मामा, मीच चालवते आहे, तुम्ही माउसला हात लावू नका.’ मग तिने जे केले ते एखाद्या दरकदाराला शोभणारे होते. प्रत्येक यंत्राला नाव दिले. प्रत्येकावर दोन खाती केली, एक रोजच्या कामाचे आणि एक कारभाराचे. नवी प्रणाली बसवायची किंवा काढायची तर दुसऱ्याच खात्यातून. हिशेबाच्या माणसाला मालाची यादी दिसेल, पण मागील वर्षांचे आकडे बदलता येणार नाहीत. घरचे फोटो आणि पत्रे पेढीच्या यंत्रावर नकोत, असे तिने बजावले. खासगी आणि दौलत, मी मनात म्हटले. रोज रात्री हिशेबाची एक प्रत वेगळ्या तबकडीवर आपोआप उतरेल अशी तजवीज केली. कारभाराच्या खात्याचा पासवर्ड तिने मामाला सांगून कागदावर लिहविला आणि तो पाकिटात बंद करून आईच्या कपाटात ठेवायला लावला. काम संपताच आपला प्रवेश तिने स्वतःच बंद केला. ‘यापुढे मी विचारल्याशिवाय आणि मामा, तुम्ही स्वतः नंबर दिल्याशिवाय मला आत येता येणार नाही. आणि दुसऱ्या कोणी फोन करून नंबर मागितला, बँकेतून बोलतो म्हणाला, तरी द्यायचा नाही.’ याच रीतीने लोकांची खाती रिकामी केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत दिला होता. राघोबादादा अजूनही बोलावल्यावाचून येत नाहीत. बोलावणारा मात्र घरातलाच लागतो.

पहिल्या प्रश्नाची तड अशी उत्तम लागली. दुसरा वर आला तो मालाच्या यादीवरून. जुन्या यंत्रावरील यादी कृतिदेवात होती. नव्या यंत्रावर ती उघडताच तोच रोमन घोळ. भाचीने ती युनिकोडमध्ये पालटून घेतली आणि सुमारे १४० नावे पडद्यावर स्वच्छ उमटली. ‘काला मसाला. उड़द दाल पापड़. गुड़. नारियल.’ पूर्वीचे हिशेबनीस हिंदीभाषक, त्यांनी आपल्या कानाने लिहिलेले. आणि यादीतूनच पिशव्यांवरची लेबले छापली जात. बिल पाहायला म्हणून आत आलेल्या आईंनी चष्मा लावून पडदा पाहिला. वय ऐंशीच्या पुढे. म्हणाल्या, ‘अरे, काला मसाला कोणाचा? आपला काळा.’

मुलगा समजावू लागला, ‘आई, गिऱ्हाइकाला कळतं.’

‘गिऱ्हाइकाला कळतं रे. मला कळत नाही. मी चाळीस वर्षं काळा मसाला केला. काला मी कधी केलाच नाही.’

फोनवर भाची ऐकत होती. ती म्हणाली, ‘आजी, यादी मराठीत करता येईल, पण टाइप कोण करणार? मी इथून शब्द ओळखणार नाही सगळे.’ तेव्हा सगळ्यांनी पाहिले ते हिशेब लिहिणाऱ्या मुलीकडे. ती देवासची, घरी माळवी बोलणारी, शाळा हिंदीत झालेली. मराठी तिला कळे; लिहिता येत नसे. भाचीने पाचही यंत्रांवर मराठी कळफलक जोडला, तारखांची मांडणी सुधारली (ती महिना आधी दाखवीत होती, आणि उधारीच्या वहीत ३ एप्रिलचा ४ मार्च झाला असता), आणि त्या मुलीला इनस्क्रिप्टची एकच खूण सांगितली. ल ज्या कळीवर आहे, तीच कळ शिफ्ट दाबून मारली की ळ.

कळफलक आखणाऱ्यांनी ही दोन अक्षरे एकाच कळीवर ठेविली, हे मला मराठीच्या प्राध्यापकाला त्या दिवशी प्रथम कळले. मी घरी येऊन ते स्वतः करून पाहिले.

यादी लिहायला तीन संध्याकाळी लागल्या. आई पदार्थ सांगत, मी शुद्धलेखन पाही, ती मुलगी टंकित करी. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, सांडगी मिरची, कुळथाचे पीठ, डाळीचे पापड. सगळे मराठी झाले असे मात्र नाही, आणि व्हावे असा माझा आग्रहही नव्हता. कराचा कागद इंग्रजीतच राहिला. सराफ्याकडील दुकानांत जाणाऱ्या पिशव्यांवर हिंदी लेबल ठेविले, कारण तेथे घेणारा हिंदी वाचतो. इंदूर, धार, देवास येथील मराठी घरांत आणि पुण्यास जाणाऱ्या मालावर मराठी. दोन लेबले सांभाळायची म्हणजे काम वाढले, अशी कुरकुर माझ्या विद्यार्थ्याने केली, आणि ती रास्त होती. व्यापाऱ्याच्या लेखी प्रत्येक जादा लेबल म्हणजे जादा खर्च. तरीही त्याने ती चालू ठेविली. आईंनी विचारले असते हे एक कारण. पुण्याच्या गिऱ्हाइकांकडून मराठी नावांनी मागण्या येऊ लागल्या, हे दुसरे. त्या मागण्या यादीतील नावांशी तंतोतंत जुळत आणि चुकीचा माल जाणे थांबले.

आई २०२३ साली गेल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही आधार संपला, आणि पेढीवर पुन्हा नवी खोकी आली. या वेळी भाची परदेशात होती. तिच्या आणि इंदूरच्या घड्याळांत साडेनऊ तासांचे अंतर. पॅक करणाऱ्या मुलाने सवयीने पहिले यंत्र लावले आणि तो पुढे पुढे जाऊ लागला. हिशेब लिहिणाऱ्या मुलीने त्याला उठविले आणि ती स्वतः समोर बसली. देश विचारल्यावर तिने भारत निवडला. दुसरा कळफलक जोडायचा काय, हा प्रश्न आला तेव्हा तिने ‘वगळा’वर जाऊ पाहणारा त्या मुलाचा हात बाजूला केला, ‘जोडा’ दाबले, यादी खाली खाली सरकवीत मराठीवर आणली, आणि मग पुढचे यंत्र ओढून घेतले.